मॅच झाली, "बसायचं का?" पण झालं, आता पुढचे 36 तास

कॉलेजच्या कुठल्याही टीममधल्या पोरांना विचारा, दारूने खेळावर परिणाम होतो का रे? सगळे एका सुरात हो म्हणणार. स्टॅमिना जातो सर, दम लागतो, लिव्हर खराब होतं. आणि बस्स, माहिती इथेच संपली. पुढचा प्रश्न टाका, की किती घेतली तर, किती तासांनी, आणि नेमकं काय कमी होतं? मग एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ह्यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे त्यांना कधी कोणी सांगितलेलंच नसतं. कॉलेजात व्यसनमुक्तीचं एखादं लेक्चर होतं, एनएसएसवाले ठेवतात, स्लाईडवर काळं पडलेलं लिव्हर दाखवतात, शेवटी हात पुढे करून शपथ होते आणि चहा-बिस्कीट. आता कबड्डीतल्या 19 वर्षांच्या रेडरला 50 व्या वर्षीचं लिव्हर दाखवून काय होणार सांगा, त्याचं सगळं लक्ष शुक्रवारच्या सेमीफायनलमध्ये. त्याला शुक्रवारपुरतं काय ते सांगा ना. बोनस लाईन ओलांडायला मांडीत जी ताकद लागते ती उद्या किती असेल, परवा किती असेल, हे सांगितलं तर तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे. टीमसोबत मॅनेजर म्हणून बऱ्यापैकी फिरलोय, मी डॉक्टर नाही, पण जे खात्रीचं आहे तेवढंच इथे लिहितोय.

तर मुद्दा असा की मॅचच्या आदल्या रात्री प्यायची नाही हे सगळ्यांना माहितीये आणि बहुतेक जण ते पाळतात सुद्धा. अगदी पिणारी पोरं पण. खरा लोचा मॅच संपल्यानंतरच्या रात्रीत आहे. त्या रात्रीबद्दल सगळ्यांना वाटतं की झालं आता काम, आता काय फरक पडतो. आणि शरीराच्या बाजूने बघितलं तर काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

आधी "थोडीशी" म्हणजे किती ते बघू

सगळ्या रिसर्चमध्ये दारू ग्रॅममध्ये मोजतात, आणि आपण मोजतो बाटली, क्वार्टर, पेग, नाईन्टी. म्हणून कुठे दारूवर काही वाचलं तरी आपल्याला लागू होतंय का ते कळतच नाही. तर हिशोब करूनच टाकू, सोपा आहे.

बिअरची मोठी बाटली 650 मिली. लेबलवर बारीक अक्षरात टक्के असतात, माईल्ड असेल तर 5 पर्यंत, स्ट्राँग असेल तर 8 पर्यंत. स्ट्राँगचं धरा, 650 चे 8 टक्के म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिली साधारण 0.79 ग्रॅम भरतं, म्हणजे झाले 41 ग्रॅम. माईल्डच्या बाटलीत 26 च्या आसपास. आता रम, व्हिस्की, व्होडका हे आपल्याकडे बहुतेक 42.8 टक्क्यांचं असतं, त्यामुळे 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये बरोबर 10 ग्रॅम, नाईन्टीत 30, आणि क्वार्टरमध्ये (180 मिली) 61. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे, छोटा पेग म्हणजे 10 ग्रॅम.

म्हणजे "मी फक्त बिअर घेतो, हार्ड नाही घेत" असं जो छातीठोक सांगतो त्याने एक स्ट्राँग संपवली की त्याचे चार छोटे पेग झालेले असतात. हे सांगितलं की पोरं आधी वाद घालतात, मग मोबाईलवर गुणाकार करून बघतात.

आता लिव्हरचा स्पीड. लिव्हर अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, हे विषारी, मळमळ-डोकेदुखीत ह्याचाही हात असतो, आणि मग त्याचं अ‍ॅसिटेट करतं जे शरीर जाळून टाकतं. हे काम ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम ह्या वेगाने चालतं आणि हा वेग वाढवायचा काही उपाय नाही. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, पहाटे पळून घाम काढणे, ह्यातलं काहीही केलं तरी लिव्हर आपल्याच चालीने चालणार. कॉफीने झोप उडेल, दारू उडणार नाही. घामातून आणि श्वासातून जाते ती अगदी थोडी. म्हणजे एक क्वार्टर साफ व्हायला 6 ते 9 तास. रात्री 12 ला शेवटचा पेग, सकाळी 7 ला सराव, आणि "उतरली रे आता" म्हणणाऱ्याच्या रक्तात अजून थोडी शिल्लक असू शकते. बाईकवरून ग्राउंडला येत असेल तर ते वेगळंच, आपल्या कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ट्रॅफिक पोलीस रात्रीची कोणती अन् सकाळची कोणती असं विचारत नाही.

प्रोटीन शेक घेतला होता तरी?

हा भाग नीट वाचा, जिमवाल्या पोरांनी तर दोनदा, कारण "मी आधी प्रोटीन घेतो मग बसतो, बॅलन्स होतं" हे लॉजिक मी लय ऐकलंय.

मसल सरावात वाढत नाही. सरावात त्याची मोडतोड होते, बारीक बारीक इजा होतात, आणि मग पुढच्या तासांमध्ये शरीर नवीन प्रोटीन विणून ते दुरुस्त करतं, आधीपेक्षा थोडं भक्कम करतं. ही दुरुस्ती म्हणजेच तुमची प्रगती. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. 8 फिट तरुण घेतले, त्यांच्याकडून वेट्स, सायकलिंग आणि स्प्रिंट इंटरव्हल असा तगडा व्यायाम करून घेतला, आणि मग तीन वेगवेगळ्या वेळी तीन प्रकार. एकदा नुसतं प्रोटीन दिलं. एकदा प्रोटीन आणि दारू. एकदा कार्बोहायड्रेट आणि दारू. दारू दिली किलोला 1.5 ग्रॅम ह्या हिशोबाने, आणि मग मांडीतल्या मसलचा बारीक तुकडा काढून बघितलं की नवीन प्रोटीन किती बनतंय. नुसत्या प्रोटीनच्या तुलनेत प्रोटीन-दारूवाल्या वेळी हे काम 24 टक्क्यांनी कमी आणि कार्ब-दारूवाल्या वेळी 37 टक्क्यांनी कमी.

म्हणजे शेकने थोडं वाचवलं पण पूर्ण नाही. वीट, वाळू, सिमेंट सगळं साईटवर येऊन पडलंय पण गवंडीच आला नाही तर भिंत कोण बांधणार, तसं आहे हे. मसलच्या पेशीत "आता बांधकाम सुरू करा" असा जो सिग्नल जातो तोच दारूने मंद होतो. मग तुम्ही अडीच-तीन हजारांचा डबा आणा नाहीतर घरची सहा अंडी खा.

आता 1.5 ग्रॅम म्हणजे किती? 70 किलोच्या पोराला 105 ग्रॅम. साधारण अडीच स्ट्राँग बिअर, किंवा एक क्वार्टर आणि वर चार-साडेचार छोटे पेग. जास्त वाटतंय? टूर्नामेंट जिंकल्याच्या रात्रीचा हिशोब आठवून बघा आणि स्वतःशीच खरं बोला, मला सांगू नका.

प्रयोगात फक्त 8 जण होते आणि सगळे पुरुष, हे पण सांगितलं पाहिजे. एका प्रयोगावर सगळं ठरत नाही. पण दुसऱ्या बाजूने येणारी माहिती पण त्याच दिशेला बोट दाखवते.

36 तासांची गोष्ट

न्यूझीलंडच्या मॅसी युनिव्हर्सिटीतला हा प्रयोग मला सगळ्यात जास्त भिडला कारण तो आपल्या टूर्नामेंटसारखा आहे. 2010 चा. तरुणांच्या एका पायाच्या मांडीकडून 300 वेळा असा व्यायाम करून घेतला की मसलला ताण खाताना इजा व्हावी (कबड्डीत पकड सोडवताना, व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून खाली येताना, फुटबॉलमध्ये एकदम ब्रेक मारताना मांडीला जे होतं ना, तेच जरा जास्त प्रमाणात). मग एकदा नुसता संत्र्याचा ज्यूस आणि एकदा ज्यूसमधून व्होडका, किलोला 1 ग्रॅम. मग ताकद मोजत राहिले. सगळ्यात जास्त घसरण 36 तासांनी दिसली. ज्यूसवाल्या वेळी पाय एका जागी लावून धरायची ताकद 12 टक्के कमी झाली होती, व्होडकावाल्या वेळी 34 टक्के.

36 तास म्हणजे बघा, शनिवारी संध्याकाळी लीग मॅच, रात्री 9 ला बसले, आणि सोमवारी सकाळी 9 ला नॉकआउट. तेव्हा डोकं ठणकत नसतं, तोंडाला वास नसतो, भूक लागलेली असते, पोरगं म्हणतं मी एकदम फ्रेश आहे सर. आणि पाय उचलत नाही. मग काय कारणं निघतात, मॅट स्लिपरी होती, ड्रॉ खराब मिळाला, रेफ्री त्यांचाच होता. असं एका झोनल स्पर्धेत अगदी डोळ्यासमोर बघितलंय, आमचा बेस्ट रेडर, ज्याचा टो टच म्हणजे हमखास पॉइंट, तो तिसऱ्या रेडलाच मधल्या रेषेकडे परत येताना अर्धं पाऊल मागे राहायला लागला, डिफेंडरचा हात नुसता घोट्याला लागला तरी बसायला लागला. आदल्या रात्री तो दहा वाजता झोपला होता, मी स्वतः बघितलं होतं. त्याच्या आदल्या रात्री मात्र नाही. आता एका पोराच्या एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, तेवढ्यात व्हायरल पण असू शकतो, पण त्यालाच काय मलाही तेव्हा दोन रात्रींपूर्वीचं काही जोडावं असं सुचलं नव्हतं.

मॅसीच्या ह्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी निम्मा डोस देऊन बघितला, किलोला 0.5 ग्रॅम, आणि तेव्हा ताकदीत फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. 70 किलोला हे 35 ग्रॅम होतात, म्हणजे स्ट्राँगची एक बाटली पण पूर्ण नाही. "एक थेंब घेतला की करिअर खल्लास" असं सांगणारे लेक्चरवाले इथेच मार खातात, कारण पोरं एकदा घेऊन बघतात, काही होत नाही, आणि मग त्यांचं बाकीचं खरं बोलणं पण खोटं वाटायला लागतं. डोस खरा सांगा ना. अडचण एवढीच की आपल्याकडे अर्ध्या बाटलीवर उठणारा माणूस मी फारसा बघितलेला नाही.

पाणी, भात आणि झोप

दारू प्यायल्यावर सारखं जावं लागतं हे सगळ्यांना माहिती, का ते कमी जणांना. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव. दारू ते हार्मोन दाबते. किडनीला निरोपच जात नाही, पाणी सोडून देते. आता मॅच झाल्यावर आधीच घाम गेलेला असतो, एप्रिलमध्ये विदर्भात नाहीतर मराठवाड्यात टूर्नामेंट असेल तर विचारूच नका, आणि वर हे. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये शिरेफ्स आणि मॉन ह्यांनी घाम काढलेल्या लोकांना व्यायामानंतर वेगवेगळ्या टक्क्यांची पेयं पाजून बघितली, 0, 1, 2 आणि 4 टक्के अल्कोहोल. 1-2 टक्क्यांपर्यंत फारसं बिघडलं नाही, 4 टक्क्यांना लघवी वाढली आणि रक्तातलं पाणी भरून यायला उशीर लागला. आपली स्ट्राँग 8 ची. तेव्हा "बिअरमध्ये पाणीच तर असतं, बार्ली असते, किडनी धुऊन निघते" हे जे ज्ञान आहे ते तिथेच ठेवा.

बार्लीवरून आठवलं, बिअरमधून कार्ब्स मिळतात हे पण अर्धवट आहे. खेळून मसलमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपलेलं असतं आणि ते भरायला भात, पोळी, केळी, बटाटे लागतात. दारूतून एका ग्रॅमला 7 कॅलरी येतात, एका स्ट्राँगमध्ये जवळपास 290 नुसत्या अल्कोहोलच्या, पण त्यातून ग्लायकोजेन बनत नाही. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क ह्यांनी सायकलिस्टवर हे तपासलं होतं, जेवणातल्या कार्ब्सच्या जागी दारू आली की साठा कमी भरतो. आणि प्रत्यक्षात हेच होतं ना, बसले की जेवण राहतं. फरसाण, शेंगदाणे, चिकन सिक्स्टी फाईव्ह, रात्री 1 ला मेस बंद, ढाबा बंद, तसेच झोपले. डीए (रोजचा भत्ता) मिळालेला असतो जेवायला, तो गेला कुठे हे सांगायला नको. दारूचं सोडा, नुसतं त्या रात्री वरणभात पोटभर खाल्ला असता तरी दुसऱ्या दिवशीचा निम्मा प्रश्न सुटला असता असं मला कित्येकदा वाटतं.

शिवाय लिव्हर दारूच्या मागे लागलेलं असताना नवीन साखर बनवायचं काम बाजूला पडतं. उपाशीपोटी प्यायलं आणि सकाळी तसंच पळायला गेलं तर साखर खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, हात थरथरतात. पोरं त्याला हँगओव्हर म्हणतात.

झोपेचं थोडक्यात. एक पेग मारला की झोप पटकन लागते, हे खरं आहे. पण उत्तररात्री ती तुटायला लागते, चारला डोळे उघडतात, तोंड कोरडं, आणि स्वप्नं पडतात ती जी झोप, रेम झोप म्हणतात ती, तिची काटछाट होते. नवीन शिकलेली चाल, नवीन सर्व्हिस, डिफेन्सचं कॉम्बिनेशन हे डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते. सात तास पडून होता म्हणजे सात तास झोपला असं नाही.

हँगओव्हरमध्ये खेळलं तर

ह्यावर 1993 मध्ये आयर्लंडमध्ये रग्बी खेळाडूंवर झालेलं काम आहे, शुक्रवारी रात्री नेहमीसारखी प्यायले, शनिवारी टेस्ट घेतली, एरोबिक क्षमता सुमारे 11 टक्क्यांनी खाली. म्हणजे लांब पळायची, दम टिकवायची जी ताकद आहे ती. छोट्या स्फोटक ताकदीवर मात्र तितका फरक दिसला नाही. त्यामुळे पोरगं वॉर्मअपला दोन उड्या मारून बघतं, बरं वाटतं, म्हणतं मी ओके आहे. सेकंड हाफला कळतं.

रिफ्लेक्स आणि बॅलन्सचं तर बोलायलाच नको, मेंदूचा मागचा भाग, सेरिबेलम, दारूला लवकर बळी पडतो. बॅडमिंटन, टेबल टेनिस, क्रिकेटमध्ये स्लिपला उभं राहणं, इथे शतांश सेकंदाचा खेळ आहे.

मग जुने खेळाडू पिऊन कसे जिंकायचे?

हा प्रश्न हमखास येतो, आणि इतिहास खरंच मजेशीर आहे. 1904 च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत स्ट्रिक्निन नावाचं विष, अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी पाजली होती. जिंकला, पण मरायला टेकला होता. तेव्हा लोकांना वाटायचं ब्रँडीने ताकद येते. 1968 ला मेक्सिकोत स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलजेनवाल पेंटॅथलॉनमध्ये पिस्तूल शूटिंगच्या आधी हात थरथरू नये म्हणून बिअर प्यायला, दोनच असं त्याचं म्हणणं, आणि टेस्टमध्ये सापडला. ऑलिम्पिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला तो पहिला खेळाडू, आणि पूर्ण टीमचं ब्राँझ परत गेलं. ह्याच्यापेक्षा महागात पडलेली बिअर मला तरी माहिती नाही.

आता नियम काय आहे ते गोंधळाचं आहे म्हणून सांगतो. वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत अल्कोहोल तिरंदाजीसारख्या ठरावीक खेळांमध्ये स्पर्धेच्या वेळेपुरतं होतं, ते 1 जानेवारी 2018 पासून यादीतून काढलं. ह्याचा अर्थ "परवानगी आहे" असा काही पोरं काढतात. तसं नाही, तो विषय त्या त्या खेळाच्या फेडरेशनवर सोडलाय. आणि विद्यापीठाच्या संघातून बाहेर काढायला वाडा लागत नाही, मॅनेजरचा एक रिपोर्ट पुरतो. राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा असो की ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी, मुक्कामी प्यायलेला सापडला की घरी. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणावर डोळा ठेवून जी पोरं खेळतायत त्यांना सर्टिफिकेटची किंमत माहितीये.

महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि हार्डसाठी 25 पूर्ण पाहिजे, शिवाय परवाना. म्हणजे कॉलेजच्या टीममधली बहुतेक पोरं तशीही कायद्याच्या बाहेर बसलेली असतात. असो.

"सगळेच पितात"

अमेरिकेत ह्या विषयावर खूप काम झालंय, तिथली एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, 1985 पासून आपल्या कॉलेज खेळाडूंना दारू-ड्रग्जबद्दल ठरावीक वर्षांनी प्रश्नावली देते, आणि तिथे दिसलेली एक गोष्ट उलटी वाटते, की खेळाडू पोरं न खेळणाऱ्या पोरांपेक्षा एका बैठकीत जास्त पितात. फिट असल्यामुळे कमी पितील असं आपल्याला वाटतं ना? टीम, जिंकणं, सिनियर, प्रवास, हॉस्टेल, सगळं एकत्र येतं.

पण त्याहून इंटरेस्टिंग म्हणजे पर्किन्स आणि क्रेग ह्या दोघांनी तिथल्या एका कॉलेजात केलेलं काम. त्यांनी बघितलं की खेळाडूंना आपले टीममेट जेवढी पितात असं वाटतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात कमी पितात. प्रत्येकाला वाटतं बाकीचे दणकून पितात, मीच मागे. मग त्यांनी खेळाडूंचेच खरे आकडे खेळाडूंना दाखवायला सुरुवात केली, भाषण नाही, घाबरवणं नाही, आणि पिण्याचं प्रमाण खाली आलं. 2006 मध्ये हे छापून आलं.

आपल्या टीममध्ये हे करायला काही लागत नाही. नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या, महिन्यात किती वेळा, किती, आणि बाकीचे किती पितात असं तुला वाटतं. दोन आकडे फळ्यावर लिहा. बारा पोरांच्या टीममध्ये दोन-तीन बोलबच्चन असतात आणि अख्खी टीम त्यांच्या आवाजाला घाबरून ग्लास हातात धरते, कोल्ड्रिंक घेतलं तर "काय रे बायल्या" ऐकायला नको म्हणून. इथे कॅप्टनचं काम येतं, पीटी सरांचं नाही. कॅप्टनने स्वतः थम्सअप घेतलं की विषय संपतो.

आपल्याकडे ह्याची जुनी पद्धत होतीच की. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत वस्तादासमोर दारूचं नाव काढायची टाप नव्हती, जोर-बैठका, दूध, बदाम, थंडाई, आणि रात्री लवकर आडवं. त्यांनी मसल प्रोटीन सिंथेसिस हा शब्द ऐकला नव्हता पण मेहनतीनंतरचा खुराक आणि झोप हा मेहनतीचाच भाग आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कॉलेजच्या कोचिंगमधून हेच गळालं, सराव संपला की शिट्टी वाजते आणि सरांची जबाबदारी पण संपते. वर टीव्हीवर जिंकलेली टीम शॅम्पेन उडवते, आयपीएलमधल्या एका टीमचं नाव तर व्हिस्कीच्या ब्रँडवरून आलेलं, आणि मग आपण पोरांना सांगणार की खेळाचा आणि दारूचा संबंध नाही.

तरीही कोणी घेणारच असेल तर

सिझन चालू असताना नकोच, हे माझं मत. पण माझ्या मताने कोणी थांबत नाही, म्हणून कामाचं सांगतो. आधी जेवा. बसायच्या आधी, नंतर नाही. घाम भरून काढायला पाणी, ओआरएस, ताक जे असेल ते आधी प्या, कारण तहान लागलेला माणूस पहिली बाटली पाण्यासारखी पितो. ग्रॅमचा हिशोब वर दिलाय, वजनाच्या निम्म्या आकड्याच्या खाली राहा (70 किलो तर 35 ग्रॅम). पुढची मॅच दोन दिवसांच्या आत असेल तर विषयच बंद. वजनी गटातल्या पोरांनी, कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, वजन उतरवून वजनकाटा झाल्या झाल्या अजिबात नाही, शरीर आधीच कोरडं ठणठणीत असतं. मुलींच्या टीमसाठी हे आकडे आणखी खाली धरायचे, तेवढ्याच वजनाच्या मुलीच्या शरीरात पाणी कमी असतं त्यामुळे त्याच पेगला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

कोणी फारच घेऊन पडला, हलवून उठत नाही, श्वास अडखळतोय, तर "झोपू दे, उतरेल" म्हणून खोली बंद करून निघू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात जाता कामा नये, कोणीतरी शेजारी बसा आणि 108 ला फोन करा. सर ओरडतील, ओरडू द्या.

आणि दुखापत झाली असेल त्या रात्री तर नाहीच. घोटा मुरगळलाय, सुजलाय, आणि दुखणं मारायला क्वार्टर. दारूने रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस ती टाळायलाच सांगतात, आणि दुखणं कळेनासं झालं की पोरगं त्याच पायावर नाचतं. वरून गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या पोटाच्या अस्तराला तशाही त्रास देतात, दारूसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल लिव्हरमधूनच जाते, आणि खूप पिणाऱ्याला किंवा उपाशीपोटी राहिलेल्याला ती जास्त डोसमध्ये भारी पडू शकते. फिजिओच्या बॅगेत ह्या गोळ्या पडलेल्याच असतात आणि मागितली की मिळते, कोणी विचारत नाही रात्री काय घेतलं होतंस. तेव्हा गोळी मागताना आपणच सांगायचं, सर, काल इतकी झाली होती. सरांना सांगायची लाज वाटत असेल तर निदान डॉक्टरला सांगा, तो काही तुमच्या पीटी सरांना फोन लावत बसत नाही.